परदेशी आजीला ‘अगं’ म्हणू नये

आमच्या सोसायटीत दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचं तरी पोरगं आईला पुढे घालून माझ्या दाराशी येतं. हातात प्लास्टिकची फाइल असते. ‘‘काका, एक वर्ष जर्मनीत सेवा करायला जायचंय.’’ (मी पस्तीस वर्षांचा आहे, पण असो.) ‘जर्मनी’ म्हणताना आवाज वर जातो, ‘सेवा’ म्हणताना खाली येतो. आईचा प्रश्न एकच असतो, ‘‘तिथे जेवणाचं काय?’’ बारा वर्षांपूर्वी मी स्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या वृद्धाश्रमात असं एक वर्ष काढलं, तेव्हापासून या विषयात मी अधिकारी माणूस आहे. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून ही लेखी मार्गदर्शिका. झेरॉक्स काढायला हरकत नाही.

पायरी पहिली: आपण कशाला चाललोय ते पाठ करा

घरी सांगायचं, परदेशी शिक्षण. व्हिसाच्या खिडकीवर सांगायचं, सांस्कृतिक देवाणघेवाण. मित्रांना सांगायचं, युरोप. गंमत म्हणजे यातलं काहीच खोटं नाही. जर्मन कायद्याच्या लेखी हे वर्ष नोकरी नसून शिक्षण आहे. वर्षभर काम करायचं आणि त्यात किमान २५ दिवस शिबिरांना बसायचं. राहायला खोली, विम्याचे हप्ते संस्थेकडून, वर खिशाला थोडे पैसे. मला महिन्याला तीनशेच्या आसपास युरो मिळायचे. त्याचे रुपये करून पाहू नका. पहिल्या महिन्यात सगळे करतात आणि मग केस कापायचे थांबतात.

या योजनेचा इतिहासही लक्षात ठेवा, मुलाखतीत विचारला तर छाप पडते. तरुणांच्या स्वयंसेवेच्या वर्षाचा कायदा तिकडे १९६४ साली झाला. त्याच्या शेजारी दुसरी सोय होती. तेव्हा पोरांना लष्करात जाणं सक्तीचं होतं. ज्यांना बंदूक धरायची नसे त्यांनी त्याऐवजी इस्पितळात नाहीतर वृद्धाश्रमात कामाला जायचं. १९६१पासून पन्नास वर्षं ही पोरं म्हाताऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलत होती. २०११ साली सक्तीची भरती थांबली. पोरं मोकळी झाली, खुर्च्या तिथेच राहिल्या. तेव्हा १ जुलै २०११पासून सरकारने नवी स्वयंसेवा काढली. तिचं नाव इतकं लांब आहे की जर्मन लोकांनाही ते परवडलं नाही. ते स्वयंसेवकाला ‘बुफ्डी’ म्हणतात. तुम्ही बुफ्डी होणार. आईला हा शब्द सांगू नका.

कायद्यात आणखी एक वाक्य आहे, की बुफ्डीने पगारी माणसाची जागा घ्यायची नाही, तो केवळ मदतनीस. सकाळी सहाच्या शिफ्टला दोन बायका आजारी पडल्या आणि मजल्यावर बावीस म्हातारी माणसं न्याहारीची वाट बघत असली, की हे वाक्य कुठे ठेवलंय ते कुणालाच सापडत नाही.

आणि एजंट. अर्ज संस्थांकडे थेट करता येतो. त्यासाठी लाखभर रुपये मागणाऱ्या माणसाला नम्रपणे चहा पाजावा आणि दारापर्यंत पोचवावं. ही पायरी संपली.

पायरी दुसरी: भाषा

पुण्यात मॅक्स म्युलर भवनात शिका, नाहीतर गल्लीतल्या क्लासात शिका. मराठी माणसाला एक फायदा जन्मतःच मिळालेला आहे. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रज रडतात. आपल्याला तो, ती, ते हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. अडचण इतकीच की त्यांचा तो आपला तो नसतो. चमचा दोन्हीकडे पुरुष, पण काटा तिकडे बाई आहे आणि सुरी नपुंसक. सूर्यसुद्धा त्यांच्याकडे बाई आहे. स्टुटगार्टचा नोव्हेंबर पाहिल्यावर हे पटतं. ती येते म्हणते आणि येत नाही.

आकडेही ते आपल्यासारखे एककापासून बोलतात, एक-आणि-वीस, म्हणजे एकवीस. मात्र इंग्रजी माध्यमातल्या मुलांना याचा उपयोग नाही. त्यांना एकोणसाठ म्हणजे किती हे विचारायला आजीकडे जावं लागतं.

घड्याळावर मात्र जरा थांबू. जर्मन माणूस ‘हाल्ब द्राय’ म्हणाला, म्हणजे शब्दशः ‘अर्धे तीन’, तर किती वाजले? इंग्रजीतून विचार करणारा साडेतीनला जातो आणि फसतो. उत्तर आहे अडीच. आणि आपला ‘अडीच’ तरी काय आहे? संस्कृतातला ‘अर्धतृतीय’, तिसऱ्यातला अर्धा. म्हणजे स्टुटगार्टची म्हातारी आणि सांगलीची म्हातारी एकाच रीतीने वेळ सांगतात. हे कळलं तेव्हा मला भलताच आनंद झाला होता, आणि त्याच आनंदात मी खड्ड्यात पडलो. कारण त्या भागात ‘फीर्टल द्राय’ असंही म्हणतात, ‘पाव तीन’. मी म्हटलं, सव्वातीन. ते होतं सव्वादोन. तिसऱ्यातला पाव. आश्रमात खिडकीजवळ बसणाऱ्या एका आजींना मी फिरायला नेणार होतो. मी सव्वातीनला हसत पोचलो तेव्हा त्या कोट, टोपी, हातमोजे चढवून तासभर लिफ्टसमोर बसलेल्या होत्या. मला ओरडल्या नाहीत, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आपल्याकडे तासभराच्या उशिरावर ‘ट्रॅफिक होता’ एवढं औषध पुरतं. त्या गावात ट्रॅफिक नव्हता.

शिवाय क्लासात शिकलेली जर्मन तिथे कुणीच बोलत नाही. ते लोक श्वेबिश बोलतात. पुस्तकी मराठी शिकून आलेल्या माणसाला एकदम मालवणच्या मासळीबाजारात सोडावं, तसं होतं. स्टुटगार्टच्या राज्याने स्वतःची जाहिरातच अशी केली होती, की आम्हाला सगळं जमतं, फक्त शुद्ध जर्मन सोडून. पहिला महिना नुसती मान हलवा. आपली मान मात्र आडवी-उभी एकदम हलते आणि त्यांना होय की नाही ते कळत नाही, तेव्हा तीही बेताने.

पायरी तिसरी: केरकचरा आणि रविवार

संस्कृतीत मिसळून जायचं म्हणजे काय, असं मला पोरं विचारतात. त्यांच्या मनात नाच, जत्रा, बिअरचे तंबू असतात. संस्कृती कचऱ्याच्या डब्यात असते. कागद निळ्यात, वेष्टणं पिवळ्यात, भाजीची सालं तपकिरीत आणि ज्याचं कुळ ठरत नाही ते काळ्यात. चहाची पिशवी कुठे टाकायची यावर माझ्या शेजारणीने मला जे ऐकवलं, त्यातून मी षष्ठी विभक्ती शिकलो. काचेच्या बाटल्यांना वेगळे पिंप, पांढरी, हिरवी, तपकिरी काच निराळी, आणि रविवारी काच टाकायची नाही, कारण खळ्ळ आवाज होतो. पाण्याची प्लास्टिक बाटली मात्र फेकाल तर पस्तावाल, तिच्यावर २५ सेंट अनामत असते. बाटल्या नेऊन यंत्राला द्यायच्या आणि पावती घ्यायची. महिनाअखेरीस माझी अर्थव्यवस्था याच यंत्रावर उभी होती. घरी फोटो पाठवताना मी तेवढा भाग कापत असे.

मग एका सोमवारी तुमच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसेल. घाबरू नका, जप्ती नाही. या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची, एवढाच अर्थ. श्वेबिश लोकांची ही रीत पंधराव्या शतकाच्या अखेरीपासूनची सांगतात. त्यांच्या त्या वेळच्या काउंटला स्टुटगार्टचं शेण खटकलं होतं म्हणे. मी तोवर आयुष्यात केरसुणी फक्त लक्ष्मीपूजनाला हातात धरली होती, तीही हळदकुंकू वाहायला. मी जिना झाडला तो खालून वर. कचरा कुठे गेला असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

रविवारी दुकानं बंद, आणि हा व्यापाऱ्यांचा लहरीपणा नसून संविधान आहे. १९१९च्या वायमार संविधानातलं रविवारच्या विश्रांतीचं कलम १९४९च्या संविधानात जसंच्या तसं आलं. मी पोचलो शनिवारी रात्री. रविवारचा दिवस संविधानाचा आदर करत, आईने दिलेल्या चिवड्यावर काढला. चिवड्याचं पाकीट दात लावून फोडलं, कारण कात्री सामानात तळाशी होती आणि सामान उपसलं तर आवाज झाला असता.

जेवणाचं काय

ही पायरी नाही, आयांसाठी वेगळा विभाग आहे. ‘मी मांस खात नाही’ हे वाक्य नीट बोललात तरी पुढचा प्रश्न ‘मग कोंबडी?’ असा येतो. त्यात उद्धटपणा नसतो, काळजीच असते. रात्रीचं जेवण म्हणजे थंड पाव, चीज, काकडी. गरम काही नाही. पहिल्या आठवड्यात मी ताटासमोर बसून मुख्य जेवण यायची वाट पाहत होतो.

पण श्वेबिश लोकांचं राज्यपक्वान्न, माऊलींनो, मसुराची आमटी आहे. खरं सांगतो. सोबत श्पेट्सलं नावाच्या मऊ शेवया. त्या ज्या यंत्रातून पाडतात ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तो हुबेहूब आपला सोऱ्या होता. (वर सॉसेज ठेवतात, ते शेजारच्याला द्यावं. मैत्री होते.) दुसरा पदार्थ माउलटाशं, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या चौकोनी पुरचुंड्या. उपासाच्या दिवसांत मांस देवाला दिसू नये म्हणून ते कणकेत लपवलं, अशी त्याची कथा ते स्वतःच हसत सांगतात. उपासाला साबुदाणा वडे हाणणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला एवढ्यासाठी वेगळा सांस्कृतिक वर्ग लागत नाही.

पायरी चौथी: आजी

आता मूळ कामाकडे येतो. इथे घाई करू नका, मी केली होती.

पहिल्या दिवशी मी एका नव्वदीच्या बाईंना लाडाने ‘ओमा’ म्हणालो. ओमा म्हणजे आजी, क्लासात पहिल्याच धड्यात शिकवतात. बाईंनी वर पाहिलं आणि स्वच्छ शुद्ध जर्मनमध्ये, माझ्यासाठी मुद्दाम, विचारलं, ‘‘आपण माझे नातू आहात का?’’ तिथे नातं फुकट मिळत नाही. ‘फ्राउ’ आणि पुढे आडनाव, आणि कायम ‘झी’, म्हणजे तुम्ही. ‘डू’, म्हणजे तू, त्यांनी स्वतःहून दिलं तरच. आपलं उलटं आहे. बाहेरच्या चार माणसांना आपण तुम्ही, आपण, साहेब म्हणतो आणि आईला, आजीला सरळ ‘अगं, ऐक ना’. जितकं जवळचं, तितकं अरेतुरे, आणि तितकंच न विचारता. ही दुसरी गोष्ट मला तिथे जाईपर्यंत दिसली नव्हती. (या लेखात मी त्यांना आजी म्हणतोय ते मराठीत लिहितोय म्हणून. त्यांना कळवू नका.)

दारावर टकटक करायची, मग थांबायचं. थांबायचं म्हणजे आतून उत्तर येईपर्यंत थांबायचं. टकटक करता करता आत घुसणं ही भारतीय पद्धत तिथे चालत नाही. खुर्ची ढकलण्याआधी विचारायचं. खिडकी उघडण्याआधी विचारायचं. खिडकी हा तर स्वतंत्र विषय आहे. कडाक्याच्या थंडीत हवा बदलायची म्हणून ते पाच मिनिटं खिडकी सताड उघडतात, आणि इतर वेळी दाराच्या फटीतून झुळूक आली तरी मरण आल्यासारखं करतात. तोंड पुसायचा पंचा वेगळा, बाकीच्या अंगाचा वेगळा, त्यांचे रंग वेगळे. पाणी अंगावर घेण्याआधी त्यांच्या हाताला लावून विचारायचं, बरं आहे ना? गिळताना ठसका लागणाऱ्यांच्या पाण्यात घट्टपणाची पूड घालायची, गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत. कवळी धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवायचं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. हे शेवटचं कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगतोय.

आणि इथे एक कबुली. त्या वर्षाआधी मी घरी पाण्याचा पेला स्वतः विसळला नव्हता. सांगलीला माझी स्वतःची आजी तेव्हा पंच्याऐंशीची होती, गुडघ्यांनी बसलेली. तिची आंघोळ आई घालायची, आईला जमलं नाही तर कामाच्या मावशी. मी शेजारच्या खोलीत जर्मन क्रियापदं पाठ करत असायचो. ‘मदत करणे’ हे क्रियापद चतुर्थी घेतं हे मला त्या खोलीतच पाठ झालं.

दुपारी तीनला कॉफी आणि केक. चुकवू नका, सगळा परदेशी अभ्यासक्रम इथेच होतो. एक खेळ मांडतात, त्याचं नाव ‘माणसा, चिडू नकोस’. पट उघडल्यावर मी हसायलाच लागलो. चार रंग, सोंगट्या, फासा, घर. आपल्या पचिसीचं नातवंड, युरोपभर फिरून गेल्या शतकाच्या आरंभी तिथे पोचलेलं. खिडकीजवळच्या आजी फार वाईट खेळायच्या, म्हणजे फार छान. दुसऱ्याची सोंगटी मारताना त्यांचा हात अजिबात थरथरत नसे. युद्ध संपलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या, पूर्वेकडून आईबरोबर चालत आलेल्या. एकदा मी ताटातला बटाट्याचा तुकडा टाकायला निघालो, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. बोलल्या काहीच नाहीत. तुकडा खाऊन टाकला, त्यांनीच.

पायरी पाचवी: देशाचा प्रतिनिधी होणे

शिबिरात एक संध्याकाळ ‘माझा देश’ अशी असते. तुम्हाला गणपती, योग, गाय आणि मसाले या चार विषयांवर तज्ज्ञ मानलं जाईल. नकार देऊ नका. मी पोहे केले. मोहरी तडतडली आणि धुराचा अलार्म वाजला.

त्या शिबिरात एक जर्मन मुलगी होती. त्यांच्याकडेही उलटा रस्ता आहे, २००८पासून सरकारी मदतीने तरुण पोरं सेवेसाठी आपल्यासारख्या देशांत जातात. ही महाराष्ट्रातल्या एका खेड्यात वर्षभर राहून आलेली. तिने मला विचारलं, ‘‘भाकरी येते का थापायला?’’ मराठीत. मला येत नव्हती. तिला येत होती. भाकरी मध्ये फाटल्यावर पाण्याचं बोट कसं फिरवायचं तेही येत होतं. मी विषय बदलून कोहलीवर नेला.

मग कुणीतरी अगदी भाबडेपणाने विचारलं, ‘‘तुझी जात कोणती?’’ क्लासात याचं उत्तर शिकवलेलं नसतं. मी म्हटलं, ‘‘आमच्याकडे आता शहरात तसं काही राहिलेलं नाही.’’ व्याकरण बिनचूक होतं. माझ्या शेजारी नागपूरचा एक मुलगा बसला होता, तोही स्वयंसेवक. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या ताटाकडे पाहिलं. नंतर भांडी घासताना तो एवढंच म्हणाला, ‘‘तुझी जर्मन चांगली आहे.’’ आम्ही दोघांनी भांडी घासली, त्याने धुतली, मी पुसली. या प्रसंगासाठी माझ्याकडे तयार सूचना नाही.

पायरी सहावी

फेब्रुवारीत एका सकाळी कॉफीच्या टेबलावर खिडकीजवळच्या आजींच्या जागी मेणबत्ती आणि फोटो होता. आश्रमात तशी रीत होती. त्यांच्या खोलीची खिडकी सताड उघडी ठेवलेली होती, पाच मिनिटांपेक्षा खूप जास्त वेळ. मला कपड्यांच्या घड्या घालायला सांगितलं. कोट, टोपी, हातमोजे. आत जाण्याआधी मी दारावर टकटक केली. मग थांबलो. किती वेळ ते आठवत नाही.

पायरी सातवी: दाखला

वर्ष संपताना लेखी दाखला मागून घ्या, पुढे उपयोगी पडतो. स्टुटगार्ट हे मुंबईचं १९६८पासूनचं भगिनी शहर, आणि हल्ली त्या राज्याने महाराष्ट्राशी कुशल मनुष्यबळाचा करारही केलाय. तेव्हा परतलेल्या बुफ्डीला नर्सिंगच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी पुन्हा बोलावणं येऊ शकतं. पण दाखला वाचायला शिका. जर्मन दाखल्यात वाईट शब्द नसतो, सगळं गोडच असतं. ‘आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे, नेहमीच’ म्हणजे चांगला. ‘आमच्या समाधानाप्रमाणे’ म्हणजे बेताचा. आणि ‘त्यांनी नेहमी प्रयत्न केला’ असं असेल तर फ्रेम करू नका, त्याचा अर्थ काहीच जमलं नाही. माझ्या दाखल्यात काय आहे ते मी सोसायटीत कुणाला दाखवलेलं नाही. जिना झाडल्याचा उल्लेख आहे.

परतल्यावर

सामान टाकलं आणि आजीच्या खोलीकडे गेलो. दार नेहमीसारखं उघडंच होतं. तरी मी चौकटीवर टकटक केली आणि थांबलो.

‘‘कोण आहे?’’

‘‘मी आहे. आत येऊ का?’’

‘‘कोण मेला दार वाजवतोय? पाहुणा आहेस का?’’

आंघोळीची वेळ होती. आई सकाळपासून माझ्यासाठी पुरणात अडकली होती. मी बादली भरली, आजीचा हात धरून पाण्याला लावला आणि विचारलं, ‘‘बरं आहे का? की अजून गरम हवं तुम्हाला?’’

आजीने हात पाण्यातून काढला, माझ्या कपाळाला लावून पाहिला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली, ‘‘अगं ए, याला काय झालंय बघ. मला तुम्ही म्हणतोय.’’